किनोशिता मोकुतारो : कवी, चित्रकार आणि वैद्य

चेहऱ्याच्या एका बाजूस, डोळ्याभोवती व गालावर पसरणारा एक निळसर-तपकिरी डाग त्वचारोगतज्ज्ञ ओता यांच्या नावाने ओळखतात. टोकियो साम्राज्यीय विद्यापीठाचे प्राध्यापक ओता मासाओ यांनी १९३८-३९ मध्ये या विकाराचे स्वरूप निश्चित केले. जपानी कवितेच्या वाचकाला मात्र हे नाव सहसा परके वाटते. त्याच्या परिचयाचे नाव किनोशिता मोकुतारो. मनुष्य एकच होता, आणि दोन नावे वापरण्याची पाळी त्याच्यावर का आली हे त्याच्या चरित्रातच पाहावे लागते.

१ ऑगस्ट १८८५ रोजी इझू द्वीपकल्पातील इतो या समुद्रकाठच्या गावी एका व्यापारी कुटुंबात ते जन्मले. सात भावंडांत ते सर्वांत धाकटे. चित्रकार व्हावे ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. जर्मन भाषा व साहित्य यांचीही ओढ होती. घरच्या वडीलधाऱ्यांना यातले काहीच मान्य नव्हते. अखेर १९०६ मध्ये त्यांनी वैद्यकाच्या वर्गात नाव घातले आणि कविता मात्र टोपणनावाने लिहू लागले. सैन्यातील वैद्यक आणि साहित्य हे दोन्ही व्यवसाय निष्ठेने सांभाळणारे मोरी ओगाई हे त्यांचे आदर्श होते. पुढे त्वचारोगांचा अभ्यास त्यांनी पत्करला तोही ओगाईंच्याच सल्ल्याने.

१९०७ च्या उन्हाळ्यात योसानो तेक्कान, कितहारा हाकुशू, हिरानो बान्री आणि योशिई इसामू यांच्यासह ते क्यूशूच्या प्रवासास निघाले. नागासाकी आणि आमाकुसा बेटांवर या पाच कवींनी जुन्या ख्रिस्ती वसाहतींच्या खुणा शोधल्या. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांतून आलेल्या लोकांना जपान्यांनी ‘नानबान’, म्हणजे दक्षिणेचे रानटी, असे म्हटले होते. त्याच शब्दाभोवती आता एक नवी काव्यरुची उभी राहिली. मोकुतारोंचे ‘नानबान मंदिराच्या दारापुढे’ हे नाटक १९०९ मध्ये ‘सुबारु’ मासिकात आले. इतर कवींसाठी हा विषय मुख्यतः रंग आणि सुगंध यांचा होता. मोकुतारो मात्र त्याच्या मुळापर्यंत गेले. १५८२ मध्ये नागासाकीहून रोमला निघालेल्या चार जपानी कुमारांच्या वकिलातीविषयी ग्वाल्तिएरी या इटालियन लेखकाने लिहिलेला वृत्तांत त्यांनी भाषांतरित करून १९३३ मध्ये प्रसिद्ध केला. ते कुमार जाताना आणि येताना गोव्यास थांबले होते. भारतीय अभ्यासकालाही या ग्रंथाकडे वळण्याचे कारण आहे ते एवढ्यासाठी.

१९०८ च्या अखेरीस तरुण कवी आणि चित्रकार यांची ‘पान’ या ग्रीक देवाच्या नावाची बैठक टोकियोत सुरू झाली. सुमिदा नदीकाठची भोजनगृहे शोधून तिथे पॅरिसचा भास निर्माण करण्याचा तो खटाटोप होता. त्यात थोडा पोरकटपणा होता हे नाकारण्यात अर्थ नाही. या काळातील मोकुतारोंच्या कविता ‘भोजनोत्तर गीते’ या संग्रहात १९१९ मध्ये एकत्र आल्या. १९११-१२ मधील एका वादात मात्र त्यांची बुद्धी अधिक स्पष्ट दिसते. चित्रकाराने केवळ स्वतःच्या अंतःप्रेरणेस जागावे, असे मुशानोकोजी सानेआत्सु आणि त्यांच्या बाजूचे लोक म्हणत होते. पाहणारा व रंगवणारा यांच्यात काही समाईक संकेत असल्यावाचून चित्र पोचत नाही, असे मोकुतारोंचे म्हणणे. तरुणांना ते जुनाट वाटले. आज ते तसे वाटत नाही.

१९१६ मध्ये ते मुकदेनच्या वैद्यकीय संस्थेत अध्यापक म्हणून गेले. तिथून १९२० मध्ये चित्रकार किमुरा शोहाची यांच्यासह त्यांनी दातोंगजवळील युनगांगच्या बौद्ध लेण्यांत मुक्काम करून मूर्तींची रेखाटने केली. त्यानंतर युरोप. १९२३ मध्ये लांजरों या फ्रेंच संशोधकाबरोबर त्यांनी त्वचेवर वाढणाऱ्या कवकांचे नवे वर्गीकरण मांडले.

कवितेपासून दूर गेल्याबद्दल साहित्याचे इतिहासकार हळहळतात. परंतु कुष्ठरोगासंबंधी त्यांनी जी भूमिका घेतली ती कवी आणि वैद्य या दोघांचीही होती. १९३१ च्या कायद्याने जपानात सर्वच कुष्ठरोग्यांना आजन्म वेगळे ठेवण्याचे धोरण पक्के झाले. रोग्यांना घरातून हलवणाऱ्या एका स्त्री-वैद्याच्या आठवणींवर १९४० मध्ये ‘बेटावरचा वसंत’ हा चित्रपट निघाला आणि प्रेक्षक रडले. मोकुतारोंनी चित्रपटाची कला मानली. पण रोग असाध्य समजून अश्रूंवर समाधान मानण्यास नकार दिला आणि खरा उपाय रासायनिक औषधोपचारात आहे असे लिहिले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत सल्फोन औषधांचे प्रयोग सुरू झाले. जपानातील विलगीकरणाचे कायदेशीर धोरण मात्र १९९६ पर्यंत रद्द झाले नाही.

मार्च १९४३ पासून त्यांनी रोज रात्री एखादी फांदी, एखादे रानफूल समोर ठेवून रेघांच्या साध्या कागदावर चितारण्यास आरंभ केला. दिवसभर विद्यापीठ आणि रुग्ण. रात्री, बाहेर हवाई हल्ल्याचे भोंगे वाजत असतानाही, पाने, देठ आणि पुंकेसर. काही चित्रांच्या कडेला त्या दिवसाची नोंद आहे : कोण भेटले, कुठे आग लागली. १० मार्च १९४५ च्या बाँबवर्षावात टोकियोचा पूर्व भाग जळाला तरी हा क्रम तुटला नाही. तारुण्यात घरच्यांनी नाकारलेली चित्रकला अशी शेवटी परत आली, प्रदर्शनासाठी नव्हे. पोटाच्या कर्करोगाने ते अंथरुणास खिळले तेव्हा ८७२ चित्रे झाली होती. शेवटचे २७ जुलै १९४५ चे, डोंगरी लिलीचे. १५ ऑक्टोबर रोजी त्यांचे निधन झाले.