रविवारची सुटी मिळवणारे लोखंडे

आपल्या कारखान्यांत जाणाऱ्या भगिनींना रविवारची सुटी मिळते, ती कोणी आपण होऊन दिलेली नाही. ती ज्यांच्या खटपटीने आली ते नारायण मेघाजी लोखंडे १८४८ साली ठाण्यास जन्मले. म्हणजे आपल्या जुन्या जिल्ह्याचेच, असे मी अभिमानाने सांगते.

रेल्वे व टपाल खात्यांत नोकरी करून ते मुंबईच्या एका गिरणीत स्टोअरकीपर झाले. गिरणीचे हाल त्यांनी तेथेच पाहिले. १८८१ च्या कायद्याने कारखान्यांवर तपासनीस आले खरे, पण तासांची मर्यादा मुलांपुरतीच. बायाबापड्यांचा दिवस मालक ठरवील तेवढा! १८८० पासून 'दीनबंधु' पत्र चालवणाऱ्या लोखंड्यांनी १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. आठवड्याला एक सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, महिन्याच्या १५ तारखेच्या आत पगार, अशा त्यातल्या काही मागण्या होत्या.

२४ एप्रिल १८९० च्या सभेला दहा हजारांवर कामगार जमले आणि दोन कामगार स्त्रियाही तेथे बोलल्या. त्या काळी हे केवढे धैर्य! १० जूनला गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांना अकरा तासांची मर्यादा मिळाली. अकरा तासही काही थोडे नव्हेत.

विधवांचे केशवपन करू नये म्हणून लोखंड्यांनी मुंबईच्या नाभिक बांधवांनाही एकत्र आणले होते. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगच्या साथीत ते वारले.