बालसेविका कै. ताराबाई मोडक

मुळशीच्या वाड्यावस्त्यांतून आज अंगणवाड्या चालतात. ही कल्पना जिने रुजविली त्या थोर स्त्रीचे स्मरण ह्या ज्युबिलीच्या वर्षी करणे आम्हांस उचित वाटते.

ताराबाई मोडक ह्यांचा जन्म १८९२ सालचा. भावनगरास गिजुभाई बधेका ह्यांच्या सहवासात त्यांनी बालशिक्षणास वाहून घेतले. १९४५ साली बोर्डी येथे त्यांनी खेड्यातील मुलांकरिता बालवाडी काढिली. मुले येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. धाकट्या भावंडास कडेवर घेणाऱ्या मुलीने शिकावे कसे? म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणून त्यांनी विकासवाडी योजिली. तान्ह्यावरील तिची माया शिक्षणाच्या आड न येता शाळेतच नांदू लागली. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या वारली मुलांत गेले. अनुताई वाघ सोबतीस होत्या. १९६२ साली पद्मभूषण लाभले. १९७३ साली त्या निवर्तल्या.

दया व सहकार्य केवळ उपदेशाने अंगी बाणत नाहीत. ज्यास कोणी मायेने न्हाऊ घातले, ते मूल दुसऱ्याचे तोंड पुसावयास शिकते. मातापित्यांनो, घरी हेच करा, अशी आमची विनंती आहे.