रेक्याविकमध्ये 100 वर्षांनी आइसलँडिक कुणाला कळणार नाही म्हणणारा रास्मुस रास्क मुंबईत काय शोधत होता?

साल 1813. डेन्मार्कहून निघालेलं जहाज आइसलँडच्या किनाऱ्याला लागलं आणि त्यातून 25 वर्षांचा एक सडपातळ तरुण उतरला. तो व्यापारी नव्हता, सरकारी अधिकारी नव्हता, मासे पकडायला तर अजिबात आला नव्हता.

तो आला होता फक्त एक भाषा ऐकायला.

गंमत म्हणजे ही भाषा त्याला आधीपासून येत होती. तिचं व्याकरणाचं पुस्तक त्याने दोन वर्षांपूर्वीच छापलं होतं. पण ज्या बेटावर ती बोलली जाते, ते बेट त्याने तोवर पाहिलेलंच नव्हतं.

या माणसाचं नाव रास्मुस रास्क. संस्कृत, लॅटिन, ग्रीक, जर्मन या भाषा एकमेकींच्या नातेवाईक आहेत हे आज शाळेतल्या पोरालाही ऐकून माहीत असतं. ते नातं नियमाने कसं तपासायचं, हे दाखवून देणाऱ्या पहिल्या काही लोकांत रास्कचं नाव येतं. आणि त्याच्या गोष्टीत आपली मुंबईसुद्धा आहे.

बक्षिसाच्या पुस्तकाने नाद लावला

रास्कचा जन्म 22 नोव्हेंबर 1787 चा. डेन्मार्कच्या फ्यून बेटावर ओडेन्स शहराजवळ ब्रेन्डेकिल्डे नावाचं खेडं आहे, तिथला. घरची परिस्थिती बेताची. पोरगा हुशार म्हणून ओडेन्सच्या लॅटिन शाळेत गेला.

शाळेत त्याला बक्षीस म्हणून एक जाडजूड ग्रंथ मिळाला, हाइम्सक्रिंग्ला. तेराव्या शतकात आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने लिहिलेला नॉर्वेच्या राजांचा इतिहास. मूळ मजकूर जुन्या आइसलँडिकमध्ये आणि सोबत भाषांतर.

दुसऱ्या एखाद्या पोराने भाषांतर वाचलं असतं आणि पुस्तक कपाटात ठेवलं असतं. रास्कने उलटं केलं. शब्दाला शब्द लावत तो मूळ मजकूर सोडवायला बसला. हाताशी ना शिक्षक, ना शब्दकोश. कुठला शब्द वाक्यात कसा बदलतो, त्याला कोणता प्रत्यय लागतो, हे वहीत टिपत त्याने स्वतःपुरता शब्दसंग्रह आणि स्वतःपुरतं व्याकरण तयार केलं.

1807 मध्ये तो कोपनहेगन विद्यापीठात दाखल झाला आणि पुढच्याच वर्षी तिथल्या ग्रंथालयात मदतनीस म्हणून लागला. 1811 मध्ये त्याचं आइसलँडिकचं व्याकरण छापून आलं. तेव्हा तो 23 वर्षांचा होता.

आइसलँडच का?

यासाठी थोडं मागे जायला लागतं. नवव्या शतकाच्या शेवटी नॉर्वेतून लोक बोटींनी आइसलँडला जाऊन वसले. जाताना सोबत आपली भाषा घेऊन गेले. पुढे डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वेच्या मुख्य भूमीवर ही भाषा झपाट्याने बदलली. जर्मन व्यापाऱ्यांचे शब्द आले, जुने प्रत्यय गळून पडले. मात्र समुद्राने वेढलेल्या आइसलँडमध्ये बदलाचा वेग फारच कमी राहिला. त्यामुळे सातशे-आठशे वर्षांपूर्वीच्या कथा तिथला साधा शेतकरी वाचू शकत होता.

रास्कच्या दृष्टीने हा खजिनाच होता. डॅनिश, स्वीडिश, नॉर्वेजियन या भाषांची जणू पणजी अजून जिवंत होती आणि तिच्याशी समोर बसून बोलता येणार होतं.

घोड्यावरून भाषेच्या मागे

1813 ते 1815 अशी जवळपास दोन वर्षं रास्क आइसलँडमध्ये राहिला. तेव्हा अख्ख्या बेटाची लोकसंख्या 50 हजारांच्या आत होती. रेक्याविक म्हणजे काही शे माणसांची वस्ती. चाकाच्या गाडीला रस्ते नव्हते, सगळा प्रवास घोड्यावरून. तो गावोगाव फिरला, पाद्री आणि शेतकऱ्यांमध्ये राहिला, त्यांचे उच्चार कानात साठवत गेला. काही काळाने तो इतकी सफाईदार आइसलँडिक बोलायला लागला, की लोकांना तो तिथलाच वाटायचा.

पण रेक्याविकमध्ये त्याला धक्का बसला. बेटावर सत्ता डेन्मार्कची होती. दुकानदार डॅनिश, अधिकारी डॅनिश आणि त्यांच्या सोबतीने राहणारे आइसलँडचे लोकही धेडगुजरी बोलू लागलेले. 1813 मध्येच एका आइसलँडिक मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने आपली भीती बोलून दाखवली. असंच चालू राहिलं आणि कुणी बांध घातला नाही, तर रेक्याविकमध्ये 100 वर्षांनी ही भाषा कुणाला कळणार नाही आणि त्यानंतर आणखी 200 वर्षांनी उरलेल्या देशात तीच गत होईल, असा त्याचा अंदाज होता.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ज्या भाषेच्या आक्रमणाची त्याला भीती वाटत होती, ती त्याची स्वतःची मातृभाषा होती.

बांध घालायचं कामही त्यानेच सुरू केलं

रास्क नुसता हळहळत बसला नाही. 1816 मध्ये त्याने पुढाकार घेऊन आइसलँडिक साहित्य संस्था उभी केली. तिची एक शाखा कोपनहेगनमध्ये होती, तिचा पहिला अध्यक्ष तो स्वतः. दुसरी शाखा रेक्याविकमध्ये होती आणि तिची धुरा आर्नी हेल्गासोन या पाद्र्याने घेतली. आइसलँडिक भाषेत पुस्तकं काढायची आणि ती लोकांपर्यंत पोचवायची, हे या संस्थेचं काम. 1827 पासून संस्थेने 'स्कीर्निर' हे नियतकालिक सुरू केलं, ते आजही निघतं.

पुढे 1830 मध्ये त्याने आइसलँडच्या मुलांसाठी वाचनाचं एक छोटं पुस्तकही काढलं. जगभरच्या भाषांचं व्याकरण धुंडाळणारा हा माणूस लहान पोरांची बाराखडी लिहायलाही तेवढ्याच आवडीने बसला.

दूरचे नातेवाईक ओळखायचे कसे?

आता त्याच्या सगळ्यात मोठ्या कामाकडे येऊ. 1811 मध्ये डॅनिश विज्ञान अकादमीने निबंधस्पर्धा जाहीर केली होती. विषय होता, जुनी नॉर्डिक भाषा आली कुठून? रास्कने हा निबंध आइसलँडमध्ये असतानाच पूर्ण केला आणि 1814 मध्ये कोपनहेगनला पाठवला. बक्षीस त्यालाच मिळालं.

तोवर लोक काय करायचे? दोन भाषांतले चार शब्द सारखे दिसले की नातं जाहीर करून मोकळे व्हायचे. रास्क म्हणाला, असं चालणार नाही. शब्द तर उसनेही येतात. व्याकरण मात्र सहसा उसनं येत नाही.

मराठीचंच बघा. 'टेबल' आपण बाहेरून घेतला, पण 'टेबलावर' म्हणताना लावलेला प्रत्यय आपलाच आहे. म्हणून आधी व्याकरणाचा सांगाडा तपासायचा. मग रोजच्या जगण्यातले मूळ शब्द घ्यायचे, म्हणजे आई, बाप, हात, पाय, आकडे. आणि त्या शब्दांत अक्षरांचे बदल ठरावीक पद्धतीने होतात का, हे पाहायचं. बदल नियमाने होत असतील तर नातं पक्कं.

रास्कने ही कसोटी लॅटिन आणि ग्रीक शब्दांना लावली. त्याला दिसलं की तिथे जिथे 'प' आहे तिथे आइसलँडिकमध्ये 'फ' येतो, 'त' च्या जागी 'थ' येतो, 'क' च्या जागी 'ह' येतो आणि 'द' च्या जागी 'ट' येतो. लॅटिनमध्ये शिंगाला 'कॉर्नू' म्हणतात, आइसलँडिकमध्ये 'होर्न'.

या निबंधात संस्कृत नव्हतं. पण नियम एकदा कळला की आपल्यालाही खेळ सोपा होतो. पहिल्या अक्षरावर लक्ष ठेवा. संस्कृत 'पितृ', आइसलँडिक 'फादिर'. 'पाद', म्हणजे आपला पाय, तिकडे 'फोतुर'. 'त्रि' तिकडे 'थ्रीर'. 'दश' तिकडे 'टिऊ'. 'दंत' तिकडे 'टोन'. आणि आपण ज्याला 'तू' म्हणतो, त्याला आइसलँडचा माणूस 'थू' म्हणतो.

सगळ्यात भारी शब्द आहे 'पशु'. आइसलँडिकमध्ये त्याचा भाऊ आहे 'फ्ये', आणि त्याचा अर्थ होतो मेंढरं. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ होतो पैसा. आपण 'पशुधन' म्हणतो ना, अगदी तसंच.

नियम रास्कचा, नाव ग्रिमचं

रास्कचा निबंध 1818 मध्ये छापून आला, डॅनिशमध्ये. 1819 मध्ये जर्मनीत याकोब ग्रिमच्या जर्मन व्याकरणाची पहिली आवृत्ती आली. हा तोच ग्रिम, परीकथावाल्या ग्रिम बंधूंपैकी थोरला. रास्कचं पुस्तक वाचल्यावर ग्रिमने आपलं व्याकरण नव्याने लिहिलं आणि 1822 च्या आवृत्तीत हे अक्षरबदल आणखी पद्धतशीर मांडले. जगाने त्याला नाव दिलं 'ग्रिमचा नियम'.

ग्रिमने चोरी केली असं म्हणता येत नाही. त्याने रास्कचं ऋण मोकळेपणाने मान्य केलं होतं आणि त्याची मांडणी जास्त नीटनेटकीही होती. पण युरोपात जर्मन वाचणारे विद्वान भरपूर आणि डॅनिश वाचणारे मोजके. रास्क मात्र आपल्या देशाच्या भाषेत लिहिण्यावर अडून राहिला आणि त्याची किंमत त्याने मोजली.

आणि मग मुंबई

निबंध छापला जात होता तेव्हा रास्क घरी नव्हताच. 1816 च्या शेवटी तो डेन्मार्कमधून बाहेर पडला होता. स्टॉकहोममध्ये राहून त्याने जुन्या इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, नॉर्डिक पुराणकथांचे 'एड्डा' हे ग्रंथ संपादित केले. मग फिनलंड, तिथून सेंट पीटर्सबर्ग. 1819 मध्ये तिथून निघून तो मॉस्को, अस्त्राखान करत तिफ्लिसला आणि पुढे इराणला पोचला. इराणमध्ये साधारण दीड महिन्यात तो फारसीत गप्पा मारू लागला असं सांगतात.

डोक्यात एकच किडा होता. नॉर्डिक भाषेचे पूर्वेकडचे नातेवाईक शोधायचे.

1820 मध्ये बुशहरच्या बंदरातून जहाज पकडून तो मुंबईत उतरला. पेशवाई बुडून दोनच वर्षं झाली होती आणि मुंबईचा गव्हर्नर होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. रास्कला हवी होती पारशी समाजाने जपून ठेवलेली अवेस्ता. फ्रेंच अभ्यासक आंकेतिल द्युपेरों याने सुरतेत राहून अवेस्ता शिकली होती आणि 1771 मध्ये तिचं भाषांतर छापलं होतं. पण विल्यम जोन्ससारख्या बड्या विद्वानाने त्याच्यावर अविश्वास दाखवला. ही भाषा खरी नाहीच, किंवा ती संस्कृतचीच बिघडलेली बोली आहे, असे आक्षेप घेतले जात होते.

रास्कने मुंबईत पारशी जाणकारांकडून समजून घेतलं, हस्तलिखितं मिळवली आणि अवेस्ता खरी आहे की नाही यावर इंग्रजीत निबंध लिहिला. त्याचा निष्कर्ष असा, की अवेस्ताची भाषा अस्सल आणि प्राचीन आहे. ती संस्कृतची मुलगी नाही, बहीण आहे. इथेही नियम दिसतोच. संस्कृतमधला 'स' तिकडे 'ह' होतो. 'असुर' चा 'अहुर', 'सप्त' चा 'हप्त'. सात दिवसांचा आठवडा म्हणून फारसीत 'हफ्ता', आणि तोच शब्द मराठीत येऊन आपल्या ईएमआयचा 'हप्ता' झाला.

मुंबईहून भारत ओलांडून रास्क श्रीलंकेला गेला. तिथे पाली आणि सिंहली हस्तलिखितं गोळा केली आणि 1823 मध्ये कोपनहेगनला परतला. त्याने आणलेल्या या खजिन्यामुळे ते शहर पुढे अवेस्ता आणि पालीच्या अभ्यासाचं मोठं केंद्र बनलं. 1855 मध्ये तिथेच फाउसब्योलने 'धम्मपद' संपादित करून छापलं.

उशिरा मिळालेली खुर्ची

प्रवासाने रास्कला आतून पोखरलं होतं. तब्येत ढासळली, मन संशयी झालं, लोक आपल्याविरुद्ध कट करतायत असं त्याला वाटायचं. डॅनिश शुद्धलेखन सुधारायला गेला तर त्यावरूनही वाद झाले. दोन 'ए' जोडून लिहिण्याऐवजी डोक्यावर वर्तुळ असलेलं एकच अक्षर वापरा, असं तो सांगत होता. डेन्मार्कने ते मान्य केलं थेट 1948 मध्ये, तो गेल्यावर 116 वर्षांनी.

पौर्वात्य भाषांचा प्राध्यापक होणं हे त्याचं स्वप्न होतं. ते पद मिळालं 1831 मध्ये. 14 नोव्हेंबर 1832 ला क्षयाने त्याचा मृत्यू झाला. पंचेचाळिसावा वाढदिवस आठ दिवसांवर होता. त्याला 25 भाषा आणि बोली उत्तम येत होत्या आणि त्याच्या दुप्पट भाषांचा अभ्यास होता, असं म्हणतात. कोपनहेगनच्या असिस्टेन्स कब्रस्तानात त्याच्या थडग्यावर डॅनिश आणि जुन्या नॉर्डिकसोबत अरबी आणि संस्कृतही कोरलेलं आहे.

मग त्या भाकिताचं काय झालं?

रेक्याविकसाठी रास्कने दिलेली 100 वर्षांची मुदत 1913 मध्येच संपली. जेमतेम 4 लाख लोकसंख्येच्या आइसलँडमध्ये आजही शाळा, संसद, बातम्या, कादंबऱ्या सगळं आइसलँडिकमध्येच चालतं. नवीन वस्तू आली की तिथले लोक जुना शब्द शोधून कामाला लावतात. टेलिफोनसाठी त्यांनी 'सीमी' हा शब्द घेतला, ज्याचा जुना अर्थ होता धागा. आकडा आणि भविष्य सांगणारी बाई हे दोन शब्द जोडून कॉम्प्युटरसाठी 'टोल्वा' तयार केला.

आता तिथल्या लोकांना काळजी आहे ती मोबाईलमधून येणाऱ्या इंग्रजीची. डॅनिशची भीती कधीच मागे पडली.

रेक्याविकबद्दलचं रास्कचं भाकीत चुकलं. पण कुणी बांध घातला नाही तर, ही अट त्याने स्वतःच घातली होती. आणि 1816 मध्ये उभी राहिलेली ती संस्था आज 200 वर्षांनंतरही आइसलँडिकमध्ये पुस्तकं छापते आहे.