गाडगेबाबांचा काटकसरीचा धडा

२० डिसेंबर हा संत गाडगेबाबांचा स्मृतिदिन. हातातील खराट्यामुळे ग्रामस्वच्छतेचे प्रणेते म्हणून महाराष्ट्र त्यांचे स्मरण करतो. मात्र कष्टाच्या पैशाचे मोल गोरगरिबांना समजावून तो पैसा लेकरांच्या शिक्षणाकडे वळविणारा लोकशिक्षक, ही त्यांची ओळखही तितकीच मोठी आहे. मुलांच्या शिक्षणासाठी लातूर आणि नांदेडची वाट धरणाऱ्या मराठवाड्यातील शेतकरी कुटुंबांना ती अधिक जवळची वाटावी.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. वडील दारूच्या आहारी जाऊन अकाली वारले. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुरे येथे माहेरी आली. मामाच्या घरी गुरे राखत, नांगर धरत तो वाढला. शाळा त्याच्या वाट्याला आली नाही. पुढे सावकारी कर्जापायी मामाची जमीन गेली आणि त्या धक्क्याने मामाचाही अंत झाला, असे चरित्रकार सांगतात. व्यसनाने वडील नेले, कर्जाने शेत नेले. पैशाचा हा पहिला धडा डेबूजींनी पोथीतून नव्हे, घरातल्या दुःखातून घेतला.

मुलीच्या बारशाला बोकड आणि दारू ही जातीची रीत होती. तरुण डेबूजींनी ती मोडून गोडाचे जेवण दिले. भाऊबंद रागावले, पण ऋण काढून सण करायचा नाही हा त्यांचा निश्चय ढळला नाही. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात मडक्याचे खापर, असा त्यांचा वेश असे. गावात शिरताच रस्ते झाडायचे, श्रम झाल्यावरच भाकरी मागायची आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे, हा त्यांचा क्रम झाला.

वऱ्हाडी बोलीतील हे कीर्तन म्हणजे श्रोत्यांशी चाललेला संवादच असे. देवाला बकरे कापून काय मिळाले, दारूत किती गेले, लग्नाचे कर्ज फिटले काय आणि पोरगा शाळेत जातो काय, असे प्रश्न विचारून ते श्रोत्यांकडूनच उत्तरे वदवून घेत. पैसा कमी पडला तर जेवणाची ताटे विकावीत, हातावर भाकरी घेऊन खावी, बायकोला कमी किमतीचे लुगडे घ्यावे, पण मुलाला शाळेविना ठेवू नये, हे त्यांच्या उपदेशाचे सार होते.

लोकांनी विश्वासाने दिलेल्या लक्षावधी रुपयांतून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. शाळा आणि वसतिगृहांनाही आधार मिळाला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली.

या जीवनाची दुसरी बाजू कठोर आहे. बाबांनी घर सोडले तेव्हा आई, पत्नी कुंताबाई आणि लेकरे मागे राहिली. पुढे पैशाचा ओघ सुरू झाल्यावरही त्यातील कवडी त्यांनी घराकडे वळू दिली नाही. संस्थांवर नातलगांचा हक्क नाही, हा दंडक त्यांनी अखेरपर्यंत पाळला. इतरांच्या लेकरांसाठी साठविताना स्वतःच्या संसाराला त्यांनी रित्या हाताने ठेवले, त्याची किंमत कुंताबाईंनी मोजली. बाबांच्या थोरवीत या माउलीच्या सोसण्याचाही वाटा आहे.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांची प्राणज्योत मालवली. त्यांच्यामागे ना शेत राहिले ना घर.

आज लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांचे शुल्क आणि खोलीभाडे भरताना कित्येक घरांत शेत गहाण पडते किंवा दागिना मोडला जातो. ताटे विकूनही शिकवा, हा बाबांचा अर्धा उपदेश मराठवाड्याने मनापासून स्वीकारला आहे. उरलेला अर्धा लग्नाचा मांडव, मानपान आणि नवस यांवरील उधळपट्टीविषयी आहे. तिथे वाचलेला पैसा शिक्षणासाठी गाठीशी राहिला, तर शेत गहाण टाकण्याची वेळ कदाचित येणारही नाही. घरातला एक-एक रुपया कुठून येतो, हे शिकणाऱ्या मुलाला जवळ बसवून सांगणे हाही त्याच शिक्षणाचा भाग आहे.