जॉन वुलमन

इ. स. १७२० साली अमेरिकेतील न्यू जर्सी या वसाहतीत एका क्वेकर शेतकऱ्याच्या घरी जॉन वुलमनचा जन्म झाला. या ख्रिस्ती पंथाच्या मूळ उपासनेत पुरोहित नसतो. सारे जण एकत्र मौन धरून बसतात. ज्याला अंतःप्रेरणा होईल तो उठून बोलतो. निर्णयही मते मोजून होत नाहीत. सर्वांची मने एका विचारावर स्थिरावेपर्यंत थांबावयाचे, अशी रीत आहे.

तरुणपणी जॉन एका दुकानात नोकरीस होता. एके दिवशी मालकाने त्याला एका गुलाम स्त्रीचे विक्रीखत लिहावयास सांगितले. घेणारा वृद्ध गृहस्थही क्वेकरच होता. गुलामगिरी धर्माला धरून नाही, असे जॉन बोलला. परंतु खत मात्र त्याने लिहून दिले. ही टोचणी त्याच्या मनातून जाईना. पुढे असली खते लिहिण्याचे त्याने नाकारले. गावोगाव जाऊन तो गुलाम बाळगणाऱ्या धर्मबंधूंना भेटे व कोणाचाही धिक्कार न करता त्यांचा विवेक जागा करी.

१७५८ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेत हा प्रश्न निघाला. कित्येकांना तो लांबणीवर टाकावासा वाटत होता. प्रथम मौन बसलेला वुलमन अखेर उठला आणि आता विलंब योग्य नव्हे, असे त्याने कळकळीने सांगितले. सभेने अशा मालकांची समजूत घालण्यासाठी काही जणांना नेमले. त्यांत तोही होता.

१७७२ साली इंग्लंडमधील यॉर्क येथे देवीच्या रोगाने त्याचा अंत झाला. १७७६ साली त्याच सभेने आपल्या पंथीयांना गुलाम बाळगण्याची मनाई केली. एका माणसाच्या मनाची टोचणी साऱ्या समाजाची झाली होती.