पाखरांच्या दारी

इंग्लंडच्या उत्तर भागात यॉर्कशर नावाचा परगणा आहे. त्यातील डोंगराळ मुलखातून स्वेल नदी वाहते. दगडावर दगड रचून घातलेले लांबच लांब बांध, त्यांच्या आडोशाने चरणाऱ्या मेंढ्या आणि अंगाला झोंबणारा गार वारा, असे या नदीचे खोरे आहे. तेथील थ्वेट नावाच्या चिमुकल्या खेड्यात २ जानेवारी १८६२ रोजी रिचर्ड कीर्टन याचा जन्म झाला. वडील मेंढ्या पाळून निर्वाह करीत. शाळा मुकर या शेजारच्या गावी होती. घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर झुडपे, ओढे आणि कुरणे होती. रिचर्डचे निम्मे शिक्षण या वाटेवरच झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

पक्ष्यांची घरटी हुडकणे व त्यांतील अंडी जमविणे हा त्या काळी इंग्लंडातील मुलांचा आवडता छंद होता. मोठी माणसेही अंड्यांचे संग्रह करीत. त्यात काही गैर आहे असे फारसे कोणास वाटत नसे. लहानगा रिचर्डही घरट्यांच्या मागे रानोमाळ हिंडे. एकदा असाच घरटे शोधीत असता तो पडला आणि त्याच्या कमरेच्या सांध्यास जबर दुखापत झाली. योग्य उपचार झाले नाहीत आणि तो जन्माचा लंगडा झाला.

ज्या नादापायी पाय अधू झाला, तो नाद मात्र सुटला नाही. चपळ सोबत्यांबरोबर धावणे आता त्याला शक्य नव्हते. बांधाच्या आडोशाला तासन्तास निश्चल बसून राहणे शक्य होते. कोणता पक्षी कोठे उतरतो, पिलांना काय भरवितो, संकट दिसताच कसा ओरडतो, हे सारे तो पाहू लागला. कित्येक पक्ष्यांचे आवाज त्याला हुबेहूब काढता येऊ लागले.

या कलेनेच त्याच्या आयुष्याला वेगळे वळण लागले. १८८२ साली लंडनच्या कॅसेल या प्रकाशन संस्थेतील गॅल्पिन नावाचे गृहस्थ त्या भागात शिकारीसाठी आले होते. ग्राउस हा तेथील माळावरचा, तित्तिराच्या जातीचा पक्षी. रिचर्डने त्याचा आवाज काढून पक्षी जवळ बोलाविले, तेव्हा गॅल्पिन थक्क झाले आणि त्यांनी या तरुणाला लंडनला नोकरी देऊ केली. पाखरांना बोलावण्याची विद्या प्रथम कामी आली ती बंदुकीच्या, हे मात्र विसरता येत नाही.

काही वर्षांनी धाकटा भाऊ चेरी हाही त्याच संस्थेत कामाला लागला. आपल्याकडे हे नाव फळाचे वाटेल. पण चेरी चांगला धट्टाकट्टा गडी होता आणि रिचर्डहून नऊ वर्षांनी लहान होता. शहरात राहूनही दोघांचे मन रानात असे. सुट्टी मिळाली की ते लंडनबाहेरची शेते आणि कुंपणे धुंडाळीत. १८९२ च्या वसंत ऋतूत अशाच एका फेरीत त्यांना साँग थ्रश या गोड गळ्याच्या पक्ष्याचे घरटे आढळले. हा पक्षी घरट्याला आतून मातीचा गुळगुळीत गिलावा करतो आणि त्यात काळे ठिपके असलेली निळी अंडी घालतो. चेरीजवळ कॅमेरा होता. त्याने त्या घरट्याचे छायाचित्र घेतले. ते पाहताच रिचर्ड यांच्या मनात एक कल्पना आली. अंडे न उचलता, पक्षी न मारता, घरटे जसेच्या तसे लोकांपुढे ठेवता येईल. मग ब्रिटनमधील सर्वच पक्ष्यांच्या घरट्यांचे पुस्तक का करू नये?

तीन वर्षे दोघे भाऊ या कामामागे लागले. लेखन रिचर्ड यांचे, छायाचित्रे चेरी यांची. १८९५ साली पुस्तक प्रसिद्ध झाले. आरंभापासून अखेरपर्यंत प्रत्यक्ष निसर्गात घेतलेल्या छायाचित्रांनी सजलेले ते पहिलेच निसर्गविषयक पुस्तक मानले जाते. घरट्यांची अचूक माहिती देणारे असे पुस्तक अंडी पळविणाऱ्याच्या हातीही पडू शकते, ही गोष्ट खरी. परंतु घरटे न मोडता त्याचा आनंद घेता येतो, हेही त्याच पुस्तकाने पुष्कळांना प्रथम दाखविले.

त्या काळी छायाचित्र घेणे मोठे जिकिरीचे होते. कॅमेरा म्हणजे तिवईवर ठेवावयाची लाकडी पेटी. त्यात काचेची एक तबकडी घालावी, एक चित्र घ्यावे, मग दुसरी घालावी. प्रकाश बेताचा असला तर चित्र उमटण्यास वेळ लागे आणि तेवढ्यात पक्ष्याने मान हलविली की चित्र बिघडे. शिवाय कॅमेरा पक्ष्याच्या अगदी जवळ न्यावा लागे. घरटे उंच कुंपणात असले तर एक भाऊ दुसऱ्याच्या खांद्यावर उभा राही. घरटे कड्यावर असले तर दोराला लोंबकळून खाली उतरावे लागे. १८९६ साली तर ते स्कॉटलंडच्या पश्चिमेस अटलांटिक महासागरात दूरवर असलेल्या सेंट किल्डा बेटांवर जाऊन आले. तेथील लोक कड्यांवर चढून समुद्रपक्षी पकडीत आणि त्यांवरच बहुतांशी गुजराण करीत. पुढे १९३० मध्ये उरलेसुरले रहिवासीही ते बेट सोडून गेले. कीर्टन बंधूंनी टिपलेल्या तेथील जीवनाला त्यामुळे आज वेगळेच मोल आले आहे.

घरटे जागचे हलत नाही. घरट्याशी येणारा पक्षी मात्र माणूस दिसताच उडून जातो. हा तिढा कसा सोडवावा? रिचर्ड यांनी विचार केला, की शेतात चरणाऱ्या गुरांना पक्षी भीत नाहीत. तेव्हा आपणच गुराचे रूप घ्यावे! १९०० साली त्यांनी एका बैलाचे कातडे मिळविले आणि आत सांगाडा बसवून पोकळ बैल तयार करविला. बैलाच्या पोटात कॅमेरा घेऊन शिरावयाचे, भिंगापुरते भोक मोकळे ठेवावयाचे आणि पक्षी येण्याची वाट पाहावयाची. आत सरळ उभे राहता येत नसे. हवा कोंदट, अंग आखडलेले, आणि कमरेचे जुने दुखणे रिचर्ड यांच्या सोबतीला होतेच. एकदा तर हा बैल आतील माणसासह उलटला आणि चारी पाय आकाशाकडे करून पडून राहिला! त्या फजितीचेही छायाचित्र घेतले गेले, यावरून या भावांचा स्वभाव ध्यानात येतो. त्यांनी पोकळ मेंढी केली, खोटा खडक केला, झाडाचा खोटा बुंधाही केला. आज अभयारण्यांत निरीक्षणासाठी आडोसे उभारतात, त्या मागे अशीच कल्पना आहे.

१८९८ च्या सुमारास नोकरी सोडून रिचर्ड यांनी लेखन आणि व्याख्याने यांनाच वाहून घेतले. ते लंडनच्या दक्षिणेस सरे परगण्यात कॅटरहॅम येथे राहावयास गेले. गावोगावी जाऊन, पडद्यावर दिव्याच्या साहाय्याने चित्रे दाखवीत ते पक्ष्यांच्या कथा सांगत. १९०० साली त्यांनी मुलामुलींसाठी पक्ष्यांवर एक खास पुस्तक लिहिले. १८ व्या शतकात गिल्बर्ट व्हाइट या धर्मोपदेशकांनी सेलबर्न या आपल्या खेड्यातील पशुपक्ष्यांचे बारकाईने निरीक्षण करून जो ग्रंथ लिहिला होता, त्याची टिपांसह नवी आवृत्तीही रिचर्ड यांनी १९०२ मध्ये काढली. तिच्यातील छायाचित्रे अर्थातच घरची होती.

चेरी यांना पुढे दूरच्या देशांची ओढ लागली. चलच्चित्राचा कॅमेरा घेऊन ते आफ्रिकेच्या रानांत गेले आणि तेथील वन्य पशूंचे चित्रपट काढून त्यांनी मोठी कीर्ती मिळविली. रिचर्ड यांना आपली कुंपणे आणि कुरणे पुरेशी होती. ८ फेब्रुवारी १९२८ रोजी ते मरण पावले. चेरी १९४० मध्ये वारले. वन्य पक्ष्यांची अंडी घेण्यास कायद्याने सर्वसाधारण बंदी ब्रिटनमध्ये झाली ती १९५४ साली. ती पाहण्यास दोघांपैकी कोणीही उरले नव्हते.

मुकर गावातील त्या जुन्या शाळेच्या भिंतीवर दोन्ही भावांच्या स्मरणार्थ फलक बसविलेले आहेत. तेथून थ्वेटची वाट आजही कुरणांमधून जाते.