सेंट्रल लाइन पहिल्यांदा स्वतःच्याच हातात घालणारा डॉक्टर: वेर्नर फोर्समान

मूल आयसीयूत असलं की आईबाबांपुढे संमतीचा कागद येतो. त्यावर ‘सेंट्रल लाइन’ असं लिहिलेलं असतं. ठाणे असो की कल्याण-डोंबिवली, ते वाचून पोटात गोळा येतोच. मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्टर नाही. पण ही नळी आली कुठून हे वाचल्यावर मला तो कागद जरा समजला.

वेर्नर फोर्समानचा जन्म बर्लिनमध्ये १९०४ साली झाला. १९२९ मध्ये तो एबर्सवाल्डेच्या हॉस्पिटलात शिकाऊ डॉक्टर होता. हाताच्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेली तर औषध थेट तिथे पोहोचेल, असं त्याला वाटायचं. वरिष्ठांनी साफ नकार दिला. एक नर्स स्वतःवर प्रयोग करून घ्यायला तयार झाली. पठ्ठ्याने तिला टेबलावर बांधलं आणि नळी मात्र स्वतःच्याच डाव्या हातात घातली, सुमारे ६५ सेंटीमीटर! मग तशीच नळी घेऊन जिना उतरून तो एक्स-रे विभागात गेला. टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात दिसलं.

कौतुक सोडाच, बर्लिनमधली नोकरी गेली. तो मूत्ररोगांकडे वळला. १९३२ मध्ये नाझी पक्षातही गेला, हेही सांगायला हवं. त्याचं काम कुर्नां आणि रिचर्ड्स यांनी अमेरिकेत पुढे नेलं आणि १९५६ चं नोबेल तिघांना मिळून मिळालं. १९७९ मध्ये तो वारला.

मला त्याच्या धाडसापेक्षा ते जिना उतरून जाणं मोठं वाटतं. नळी पोहोचली असेल, असं त्याने गृहीत धरलं नाही, डोळ्यांनी बघितलं.

मुलांच्या बाबतीत हेच जीव वाचवतं. त्यांच्या शिरा अगदी बारीक, शेजारीच धमनी आणि फुप्फुस. म्हणून मानेतली किंवा मांडीतली शीर सोनोग्राफीत बघत सुई टोचतात, सुईतून तार आणि तारेवरून नळी सरकवतात. नंतर सहसा एक्स-रेत टोक बघतात. ते फार आत गेलं तर हृदयाला इजा होऊ शकते.

त्यामुळे सही करताना डॉक्टरांना तीन गोष्टी बिनधास्त विचारा: सोनोग्राफीत बघून घालणार का? टोक कुठे आहे ते कसं तपासणार? आणि नंतर रोज, नळी अजून लागतेय का? कारण नळी जितके दिवस आत, तितका जंतुसंसर्गाचा धोका जास्त.